चित्रांच्या पाठी

ग्युमरीत चित्रांच्या पेट्या मीच ठोकतो.
तिघं-चौघं आहेत आता इथं, ज्यांची कामं परमुलखी जातात.
लोक चित्र समोरून बघतात,
माझ्या वाट्याला आधी पाठ येते.

सातेनिकच्या कॅनव्हासची पाठ
भरतकामाच्या उलट्या बाजूसारखी:
गाठी, डाग, कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर,
आणि खाली पेन्सिलीनं,
अंडी, रॉकेल, निळा संपला.
पुढून पाहावं तर आकाश, नुसतं आकाश.
पण मला विचाराल तर निळा संपत आल्याचं
पुढूनही कळतं.
उजवीकडे ब्रश कोरडा होत गेलाय,
सुताचा पोत दिसायला लागलाय,
आणि नेमकं तिथंच ते आकाश आमचं होतं.
जानेवारीत असंच असतं इथं,
पुरवून पुरवून वापरल्यासारखं.

वाहाग्न तर चित्रच काढत नाही.
भूकंपानंतर लोकांना राहायला जे डबे दिले,
दोमिक म्हणतो आम्ही त्यांना,
त्यांची दारं गोळा केलीत त्यानं.
पत्र्याची, गंजकी, सदतीस.
ओले कागद थापून त्यांचे ठसे घेतो.
पहिल्यांदा मी हसलो होतो.
म्हटलं, गंजालाही भाव आला म्हणायचा!
तो काही बोलला नाही. चहा ओतला.
मग एक कागद खिडकीशी धरला.
कडीच्या खाली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर
हातभर स्वच्छ जागा होती,
गंज न चढलेली.
कुणीतरी पोर रोज कोपरानं दार ढकलत असणार,
दोन्ही हातांत बादली असणार पाण्याची.

अकरा वर्षं काढली मी तसल्या डब्यात.
आमच्या दाराला अशी जागा होती का?
आठवेना.
त्या रात्री मुलीला फोन लावला, क्रास्नोदारला.
ती म्हणाली, होती ना, बाबा.
डाव्या कोपरानं ढकलायचे मी.

चांगलं चित्र कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही.
त्या फोनची वेळ तेवढी
फळीच्या आतल्या अंगाला लिहून ठेवली,
नऊ वाजून दहा.
पेटी लियाँला गेली, फळीसकट.

मानेची गोष्टच वेगळी. पोरगी चोविशीची,
पेनड्राइव्ह घेऊन आली आणि म्हणते, पेटी करा.
म्हटलं, अगं, हे खिशात जाईल.
तर म्हणे, सगळ्यांच्या कामाला पेटी, माझ्यालाच का नाही?
खरं होतं.
जर्दाळूच्या लाकडाची केली, आत लोकर,
पैसे घेतले अर्धे.
बदल्यात तिनं फिल्म दाखवली:
स्टेशनचा फलाट, एक माणूस बर्फ झाडतोय,
गाडी येत नाही, बर्फ थांबत नाही,
चाळीस मिनिटं.
विसाव्याला मला कढईची आठवण आली,
तिसाव्याला उठणारच होतो,
आणि त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं,
झाडलेल्या फलाटाकडे पाहिलं
जसं मी रंधा मारलेल्या फळीकडे पाहतो,
आणि टोपी परत घातली.
बास.
मी गल्लीत चार जणांना सांगितलंय,
टोपीपर्यंत थांबा.

येरेवानहून एक बाई येतात कामं निवडायला.
फार शिकलेल्या, बोलतात छान,
स्मृती म्हणतात, अवकाश म्हणतात.
मी मान डोलावतो, माप घेतो.
त्यांचं चुकत नसेल.
पण त्या दाराला कधी कोपर लावून बघत नाहीत,
आणि मला ते सांगता येत नाही.

पेटीवर बाण काढायचे असतात,
ही बाजू वर.
सातेनिक म्हणते, तुझे बाण सरळ नसतात रे,
आणि तेच बरंय.
मला त्याचं दोन दिवस सुख पुरलं.

झाकण लावायच्या आधी
मी दुकानाचं दार लोटून घेतो,
चित्र उलटं करतो, म्हणजे सुलटं,
आणि एक सिगारेट होईस्तोवर समोर बसतो.
सिगारेट पेटवत नाही, रंगांना धूर लागेल.
कुणी डोकावलंच
तर सांगतो,
स्क्रू शोधतोय.